आमच्या नावाने फाडलेली पावती

गेल्या शनिवारी एका युरोपीय फुटबॉल लीगमधला, गुणतक्त्याच्या तळाशी धडपडणाऱ्या दोन संघांचा सामना मी मुद्दाम पाहायला बसलो होतो. हरणारा संघ खालच्या विभागात ढकलला जाण्याची शक्यता होती, त्यामुळे खेळाडू प्रत्येक चेंडूवर जिवाच्या आकांताने तुटून पडत होते. असे सामने मला बलाढ्य संघांच्या गाजावाजा केलेल्या लढतींपेक्षा कितीतरी अधिक आवडतात. परंतु सामन्याआधीचा अर्धा तास स्टुडिओतल्या मंडळींनी दुसऱ्या दिवशी खेळणाऱ्या एका भलत्याच क्लबच्या आघाडीवीराची केशरचना, त्याचे मानधन आणि त्याचे संभाव्य स्थलांतर यांवर खर्च केला. उत्तरार्धात कॉर्नर घेतला जात असताना कॅमेरा स्टँडमधल्या कोणा प्रसिद्ध पाहुण्याच्या चेहऱ्यावर जाऊन स्थिरावला, आणि तो चेहरा पडद्यावरून हटला तेव्हा चेंडू गोलखांबाला लागून परतही आला होता. नंतर तोच क्षण मला तीन कोनांतून, संथ गतीने, नाट्यमय संगीतासह दाखवण्यात आला. घडत असताना मात्र तो पाहण्याची मुभा मला नव्हती.

हे सारे कोणासाठी चालते, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: आंतरराष्ट्रीय प्रेक्षकासाठी. म्हणजे माझ्यासाठी. या मंडळींच्या कल्पनेतला हा परदेशी प्रेक्षक फार मजेशीर प्राणी आहे. त्याला ऑफसाइड समजत नाही, दोन मिनिटांपलीकडे त्याचे लक्ष टिकत नाही, तो क्लबवर नव्हे तर एखाद्या खेळाडूवर भाळलेला असतो, आणि स्टँडमध्ये एक जरी खुर्ची रिकामी दिसली तरी तो हिरमुसून वाहिनी बदलतो. अशा माणसाला मी आजवर कधी भेटलेलो नाही. जे लोक अवेळी जागून हे सामने पाहतात त्यांना राखीव बचावपटूंचीही नावे पाठ असतात.

रिकाम्या खुर्च्यांचा उल्लेख मी उगाच केला नाही. स्पेनच्या ला लिगा या अव्वल लीगने २०१६-१७ च्या हंगामापासून असा नियम केला की मुख्य कॅमेऱ्यासमोरचा स्टँड किमान ७५ टक्के भरलेला दिसला पाहिजे, अन्यथा क्लबला दंड. कॅमेऱ्याच्या पाठीमागे कोणी बसो वा न बसो, त्याची चिंता नाही! प्रेक्षक कमी का आले, सामन्याची वेळ कोणी आणि कोणाच्या सोयीने ठरवली, हे प्रश्न बाजूलाच राहतात. आलेल्या माणसांना उठवून चित्रचौकटीत नेऊन बसवले की काम झाले. २०२० मध्ये महामारीमुळे मैदाने ओस पडली असताना याच लीगने स्टँडवर संगणकाने रंगवलेली गर्दी आणि व्हिडिओ गेममधला जल्लोष चढवला होता, तेव्हा मी ते समजून घेतले होते, कारण तो काळच तसा होता. आता वाटते की तो अपवाद नव्हता, ती आवडच होती.

या वृत्तीचा कळस ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला. व्हिलारेआल आणि बार्सिलोना या दोन स्पॅनिश क्लबांमधला लीगचा सामना डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मायामीत खेळवण्याचे ठरले होते. खेळाडूंना कोणी धड विचारलेही नव्हते, म्हणून त्या आठवड्यातल्या लीगच्या सामन्यांत मैदानावरचे खेळाडू सुरुवातीची १५ सेकंदे जागच्या जागी निश्चल उभे राहिले. एवढा सभ्य, एवढा मूक निषेध क्वचितच पाहायला मिळतो. पण ओव्हिएदो विरुद्ध एस्पान्योल या सामन्यात ती १५ सेकंदे प्रक्षेपणात काय दिसले? स्टेडियमची बाहेरची भिंत! खेळ सुरू झाल्याची शिट्टी वाजलेली आहे, बावीस माणसे आत मैदानावर उभी आहेत, आणि कॅमेरा इमारत न्याहाळतो आहे. कोंबडे झाकून तांबडे फुटायचे राहत नाही. काही तासांत ही लबाडी साऱ्या जगाला कळली आणि काही दिवसांत मायामीचा बेतही बारगळला. मला सर्वाधिक चीड आली ती या गोष्टीची की सामना परदेशी न्यायचा तोही ‘जागतिक चाहत्यांसाठी’ आणि त्याविरुद्धचा निषेध झाकायचा तोही त्याच चाहत्यांपासून.

हे खूळ जुनेच आहे. इटलीचा सुपर कप हा देशांतर्गत चषक १९९३ मध्ये वॉशिंग्टनला आणि २००२ मध्ये लिबियातल्या त्रिपोलीला खेळवला गेला होता. २००८ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगने ३८ फेऱ्यांच्या हंगामाला परदेशात खेळायची एकोणचाळिसावी फेरी जोडण्याची टूम काढली होती, ती लोकांनीच हाणून पाडली. स्पेनचा सुपर कप २०२० पासून, महामारीतले एक वर्ष वगळता, सौदी अरेबियात भरतो. २३ डिसेंबर २०१७ रोजी रेयाल माद्रिद आणि बार्सिलोना यांची लढत माद्रिदमध्ये दुपारी १ वाजता ठेवली गेली, ती आशियातल्या प्रेक्षकांना संध्याकाळी पाहता यावी म्हणून. एसी मिलान आणि कोमो या इटलीतल्या जेमतेम तासाभराच्या अंतरावरच्या दोन क्लबांना फेब्रुवारी २०२६ मध्ये थेट ऑस्ट्रेलियातल्या पर्थला धाडण्याचेही घाटत होते, आणि तो बेत डिसेंबर २०२५ मध्ये रद्द झाला. मिलानचे सॅन सिरो हे मैदान हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनासाठी द्यावे लागणार होते, हे मान्य. पण त्यावरचा तोडगा म्हणून अख्ख्या इटलीत एकही मैदान सापडू नये? वर्षानुवर्षे हंगामी पास काढून येणाऱ्या माणसाचा सामना त्याच्या डोळ्यांदेखत उचलून न्यायचा आणि पावती आमच्या नावाने फाडायची. त्या माणसाने उद्या मला शिव्या घातल्या तर मी कोणत्या तोंडाने उत्तर देऊ?

जर्मनांकडून तरी बरी अपेक्षा होती. त्यांची बुंडेसलिगा ही लीग परदेशात स्वतःला ‘फुटबॉल जसे असायला हवे तसे’ या घोषवाक्याने विकते आणि जाहिरातींत डॉर्टमुंड क्लबच्या मैदानातल्या दक्षिण स्टँडमधले सुमारे २५ हजार उभे प्रेक्षक हमखास दाखवते. क्लबच्या मतदानात सदस्यांचे बहुमत राखणाऱ्या ‘५० अधिक १’ नियमाचेही कौतुक आपल्याला ऐकवले जाते. त्याच लीगने डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या माध्यम-हक्कांच्या उत्पन्नातला सुमारे ८ टक्के वाटा २० वर्षांसाठी गुंतवणूकदाराला देण्याचा ठराव केला, आणि त्यामागचा एक मोठा हेतू परदेशातले विपणन वाढवणे हा होता. म्हणजे ज्या चाहत्यांची छायाचित्रे विकायची, त्यांनाच डावलून ती अधिक जोरात विकायची. त्या चाहत्यांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी फेकली, सामने रखडवले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगला तो व्यवहार गुंडाळावा लागला. खरे सांगतो, त्या हंगामात सर्वांत प्रेक्षणीय गोष्ट ते पिवळे चेंडूच होते, आणि जाहिरातींत ते मला कधीही दिसणार नाहीत.

मी धुतल्या तांदळासारखा आहे असे माझे म्हणणे नाही. शनिवारी दुपारी ३ वाजताचे सामने इंग्लंडमध्ये थेट दाखवायला बंदी आहे, आणि परदेशी प्रेक्षकाला मात्र प्रीमियर लीगचे सर्वच्या सर्व ३८० सामने मिळू शकतात. हा लाभ मी निमूटपणे घेतो. २०२२ पासूनच्या करारांत तर त्या लीगला परदेशी हक्कांतून देशातल्या हक्कांपेक्षा अधिक पैसा मिळू लागला. म्हणजे मोठे गिऱ्हाईक आता आम्हीच आहोत. तरीही आम्हाला बालवर्गात बसवून ‘जोश’, ‘थरार’ आणि ‘इतिहास’ हे तीन शब्द आळवून ऐकवले जातात, दर आठवड्याचा सामना ‘ऐतिहासिक’ ठरवला जातो, आणि फलकांवर आमच्या प्रदेशापुरत्या चिकटवलेल्या आभासी जाहिराती गोलरक्षकाच्या कानामागून थरथरत राहतात.

त्या शनिवारच्या सामन्याचा शेवटही तसाच झाला. अंतिम शिट्टी वाजली, हरलेल्या संघाचे खेळाडू मान खाली घालून दूरवरून आलेल्या आपल्या चाहत्यांकडे चालू लागले. ते लोक टाळ्या वाजवणार की तोंडे फिरवणार, हे मला पाहायचे होते. खेळाडू स्टँडपर्यंत पोहोचायच्या आत पडदा काळा झाला आणि त्या आघाडीवीराचा चेहरा उद्याच्या ‘महामुकाबल्या’ची हाक देत अवतरला. तो सामनाही मी पाहिला, याचा राग मला अजून वेगळाच आहे.