गॅरेज आमचं आहे, खानदानाचं गोदाम नाही

आज सकाळी परत गाडी रस्त्यावर लावून घरात आले आणि डोकंच फिरलं. पुण्यात धायरीतलं रो हाउस आमचं, हप्ते आमचे, खालचं शटरचं गॅरेज आमचं, आणि आमची वॅगनआर गेली तीन वर्षं समोरच्या झाडाखाली चिकट डाग आणि पक्ष्यांची घाण झेलत उभी. वायपरची रबरं उन्हाने कडक झाली, मागच्या पावसाळ्यात उंदरांनी वायरिंग कुरतडलं, त्याचे पैसेही आम्हीच भरले. का? तर गॅरेजमध्ये जागा नाही.

जागा कशाने नाही, ते सांगते. दिरांनी स्वयंपाकघर नवं केलं तेव्हा जुन्या कपाटांची दारं इथे आली. "वहिनी, चारच दिवस ठेवतो." त्याला दोन दिवाळ्या झाल्या. नणंदेच्या मुलीचा पाळणा, बाबागाडी आणि तीन चाकांची सायकल इथेच आहे, मुलगी आता चौथीत. मामेसासऱ्यांच्या गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब, जे ते स्वतःही आता वापरत नाहीत. बिल्डरने "तुटली तर लागेल" म्हणून ठेवून दिलेले टाइल्सचे सात खोके. बंद पडलेला इन्व्हर्टर, त्याची बॅटरी, दोन जुने टीव्ही. यातलं आमचं म्हणावं असं एका कोपऱ्यात मावेल. तरी येणारा प्रत्येक पाहुणा शटरकडे बघून मलाच म्हणतो, "किती पसारा गं!"

म्हणून या उन्हाळ्यात ठरवलं की सहा हजारांत हे लावायचं. सहा हजार हा आकडा मी हवेतून काढला नव्हता. मुलाच्या शाळेचे पैसे, विमा, सोसायटीचा मेंटेनन्स बाजूला काढून जे उरलं ते सहा हजार. कोणाकडे मागितले नाहीत, कोणी दिलेही नाहीत.

आधी टेप घेऊन माप काढलं. रुंदी 9 फूट, म्हणजे 108 इंच. वॅगनआर आरसे सोडून साधारण 64 इंच. उरले 44. सगळीकडे मिळतो तो 18 इंची रॅक एका भिंतीला लावला तर 26 इंच उरतात, त्यातच दोन्ही आरसे आणि त्यातच दार उघडून माणूस बाहेर पडायचा. जमतच नाही. 12 इंची रॅक हवा, फार तर मागच्या भिंतीला 15 इंची. हे दुकानात कोणी विचारत नाही, सांगत तर नाहीच. "18 घ्या ताई, सामान जास्त बसतं" एवढंच.

मोबाइलवर गॅरेज लावायचे व्हिडिओ बघितले, त्याचाही संताप आहे. अमेरिकेतलं दोन गाड्यांचं गॅरेज, भिंतीच्या आत दर 16 इंचांवर उभा लाकडी खांब, त्यात स्क्रू पिळला की कपाट लटकतं. आमची भिंत हलक्या सिमेंट ब्लॉकची. साधा प्लास्टिकचा गट्टू ठोकला तर भोक मोठं होतं आणि ब्रॅकेट दोन महिन्यांत हातात येतो. त्या ब्लॉकला वेगळा, लांब नायलॉनचा अँकर लागतो. हे मला कळलं कधी? सायकलचा हूक भिंतीच्या ढलप्यासकट खाली आल्यावर. आपल्याकडचे लोकसुद्धा तेच व्हिडिओ मराठीत बोलून दाखवतात आणि भिंत कशाची आहे हे एक जण सांगत नाही. मूल खाली उभं असतं तर?

आणि आता रॅक. हे मात्र मी सोडणार नाही.

लोखंडी अँगलचे दोन रॅक घेतले, पाच-पाच फळ्यांचे, दोन्ही मिळून साडेपाच हजार. एक 12 इंची, एक 15 इंची. दुकानदाराला तीन वेळा विचारलं, पत्रा किती गेजचा, म्हणजे किती जाड? "18 चा ताई, एका फळीवर 80 किलो बिनधास्त ठेवा." घरी आणला, नटबोल्ट आवळले, 15 इंचीच्या मधल्या फळीवर रंगाचा अर्धा डबा, सासूबाईंचा पितळी हंडा आणि नळाच्या सामानाची पेटी ठेवली. 40 किलोही नसतील. आठवड्यात फळीला पोट आलं. दुसऱ्या आठवड्यात एका टोकाचा बोल्ट पत्र्यातून फाटून निघाला.

फळी काढली आणि प्रवासाच्या बॅगा मोजायच्या काट्याला लटकवली. सव्वादोन किलो. आता हिशेब बघा. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. 18 गेज म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर. तीन फूट बाय 15 इंचाचा तेवढा जाड पत्रा, कडा दुमडलेला भाग न धरतासुद्धा, सव्वातीन किलोच्या आसपास भरतो. माझी फळी कडांसकट सव्वादोन! म्हणजे 22 गेजच्या आसपासचा पत्रा 18 च्या भावाने गळ्यात मारला. लोखंड चोरलं हो सरळ! प्रत्येक फळीमागे किलोभर, आणि अशा दहा फळ्या.

परत गेले तर म्हणतो, "माल असाच येतो. बिल आहे का?" बिल कुठून असणार? घेताना म्हणाला होता, बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल. सहा हजारांत भागवायचं म्हणून मी बिनबिलाचं घेतलं, आणि ज्याच्याकडे पैसे मोजके असतात त्याला हे लोक नेमके तिथेच पकडतात. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर मला पाठ आहे, पण हातात कागद नसताना काय दाखवू? दहा हजारवाल्याला बिल मिळतं, हमी मिळते, माणूस घरी येऊन रॅक उभा करून देतो. आम्हाला फसवलेलं कळतं तेव्हा फळी वाकलेली असते.

जुन्या बाजारात, रविवारी नाहीतर बुधवारी जाऊन जुने जाड अँगल घ्यायला हवे होते, असं आता सगळे सांगतात. आधी कोणी तोंड उघडलं नाही. मी मात्र विचारणाऱ्यांना आता सांगते: काटा घेऊन जा, एक फळी तिथेच दुकानात मोजा, मग पैसे द्या. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

पुठ्ठ्याचे खोके तर जमिनीवर ठेवूच नका. आमच्या फरशीला पावसाळ्यात ओल येते. मागच्या वर्षी भिंतीला टेकलेल्या खोक्यांना वाळवी लागली आणि माझ्या आईने दिलेल्या दोन नऊवारी, ज्या वरती जागा नाही म्हणून तात्पुरत्या खाली ठेवल्या होत्या, चाळणी झाल्या. दिरांची कपाटाची दारं वरच्या कोरड्या बाजूला होती, त्यांना काही झालं नाही. त्या साड्यांचं मी अजून कोणाशी नीट बोललेली नाही. बोलायला गेलं की रडू येतं आणि मग विषय माझ्या रडण्याचा होतो.

सामान काढायचं म्हटलं की घरात एकच वाक्य. "असू दे, लागेल कधीतरी." कधी लागेल? बाबागाडीत कोण बसणार आहे? नणंदेला फोन केला तर म्हणाली, "आमच्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवू, तुमच्याकडे खाली एवढी जागा आहे." दीर म्हणाले, "भंगारात घालू नका हं, सागाची आहेत." सागाची आहेत तर न्या की! आणि आमचे हे मला समजावतात, "नात्यात कशाला वाईटपणा घेतेस?" गाडीच्या वायरिंगचे पैसे भरताना नातं कोणाला आठवलं नाही. ती इन्व्हर्टरची जुनी बॅटरी, नवी घेताना दुकानदार पैसे वळते करून परत घेतो, तेवढंही दोन वर्षांत यांना जमलं नाही. टीव्ही भंगारवाला फुकटसुद्धा उचलायला तयार नाही. ई-कचऱ्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकणारे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, पण आमच्या गल्लीत आजवर कोणी ते धूड न्यायला आलेलं नाही.

पुरे झालं. काल खडू घेऊन फरशीवर गाडीची चौकट आखली, चाकं कुठे येतील तिथे फुल्या मारल्या. त्या चौकटीत जे जे पडलंय त्यावर ज्याचं त्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली, फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. मामेसासऱ्यांच्या खांबांवरसुद्धा. शनिवारी संध्याकाळपर्यंत टेम्पो आणा, रिक्षा आणा, डोक्यावर न्या. रविवारी सकाळी दहाला भंगारवाल्याला बोलावलंय, सागाची दारं त्याने आधीच बघून ठेवली आहेत. साडेदहाला मी गाडी आत घेणार आहे.