लिनक्स काढलं म्हणून विंडोज जात नाही

डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लिनक्सचं पार्टिशन डिलीट करायचं, रिस्टार्ट मारायचा आणि समोरचा काळा पडदा बघून हबकायचं, हे ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, वापरणाऱ्यांत नेहमीचंच. त्यावर एक सल्लाही नेहमीच फॉरवर्ड होतो. थोडक्यात असा: ग्रबचा (लिनक्ससोबत येणाऱ्या बूटलोडरचा, म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टिम उघडून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) पडदा आला म्हणजे विंडोज करप्ट झालं. विंडोज इन्स्टॉल करायच्या पेन ड्राइव्हवरून बूटरेकच्या (विंडोजच्या बूट दुरुस्तीच्या साधनाच्या) कमांड ओळीने मारा. नाही जमलं तर बायोस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) रिसेट करा, मदरबोर्डवरचा सेल काढून घाला. लिनक्सची उरलीसुरली छोटी पार्टिशनं उडवा. तरीही नाही झालं, तर फॉरमॅट.

यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे, बाकीचे चुकीचे आहेत, आणि त्यातला एक तर दोन मिनिटांत सुरू होऊ शकणारं मशीन खरोखरच बंद पाडतो.

सुरुवात ‘विंडोज करप्ट झालं’ इथून करू. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे लेगसी बायोसच्या मशीनवर डिस्कचा अगदी पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो आणि त्यातले ४४६ बाइट बूट कोडसाठी असतात. लिनक्स टाकताना ग्रबने आपला पहिला तुकडा तिथे ठेवलेला असतो, त्यामागच्या मोकळ्या सेक्टरांत दुसरा. मेनू आणि बाकीची मोड्यूल्स मात्र लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. ते पार्टिशन तुम्ही उडवलंत. पुढचे तुकडे जागेवर आहेत, ते बाकीचा संसार शोधतात, सापडत नाही, म्हणून ‘नो सच पार्टिशन’ असं सांगून ‘ग्रब रेस्क्यू’वर येऊन थांबतात. या सगळ्यात विंडोजची पाळी आलेलीच नाही. तिची एकही फाइल कुणी वाचलेली नाही, बिघडवणं तर दूरच.

यूईएफआयच्या, म्हणजे बायोसची जागा घेणाऱ्या नव्या पद्धतीच्या मशीनवर गोष्ट वेगळी, निष्कर्ष तोच. तिथे फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं एक छोटं ईएफआय सिस्टिम पार्टिशन असतं. त्यात विंडोजचं फोल्डर वेगळं, उबुंटूचं (लिनक्सच्या एका प्रचलित आवृत्तीचं) वेगळं. कुठला बूटलोडर आधी घ्यायचा याची यादी मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅम या कायम टिकणाऱ्या मेमरीत असते. लिनक्सचं पार्टिशन उडवलं तरी ईएफआयमधलं उबुंटू फोल्डर तसंच राहतं आणि यादीतलं त्याचं नावही. फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, इमानदारीत तेच उघडतं, आणि मेनू गायब असल्यामुळे तुम्ही नुसत्या ‘ग्रब’ प्रॉम्प्टवर येता. विंडोजची बूट मॅनेजर फाइल शेजारच्याच फोल्डरमध्ये धडधाकट असते.

पटत नसेल तर त्या प्रॉम्प्टवरच ‘एक्झिट’ एवढं टाइप करून एंटर दाबा. बऱ्याच मशीनवर फर्मवेअर यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतं आणि विंडोज उघडते. प्रॉम्प्टवर ‘रेस्क्यू’ शब्द असेल तर ही कमांड चालणार नाही, कारण तिथे ‘एलएस’, ‘सेट’, ‘अनसेट’ आणि ‘इन्समॉड’ यांच्यापलीकडे फारसं काही नसतं. यूईएफआयच्या मशीनवर मग सरळ रिस्टार्ट करून बूट मेनू उघडायचा. कंपनीनुसार एफ१२, एफ९, एफ११, एफ८ किंवा एस्केप, यातली एखादी की लागते. यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसलं की ते निवडा. विंडोज उघडली तर फॉरवर्डमधल्या पुढच्या सगळ्या पायऱ्या तुमच्यासाठी बाद. सेटअपमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर आणायचं, काम संपलं.

आता बूटरेक. अर्धं खरं म्हणालो ते हेच. ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ पहिल्या सेक्टरमधला बूट कोड नव्याने लिहिते आणि पार्टिशन टेबलला हात लावत नाही. लेगसी मशीनवर ग्रबला हटवण्याचा हा योग्य उपाय आहे. त्यानंतरही ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ आलं, तर बहुधा ‘इथून बूट करा’ असं सांगणारी ॲक्टिव्हची खूण उडवलेल्या लिनक्सच्या पार्टिशनवर होती आणि त्याच्याबरोबर गेली. डिस्कपार्टमध्ये (विंडोजच्या पार्टिशन हाताळणाऱ्या कमांडमध्ये) विंडोजचं सिस्टिम पार्टिशन निवडून त्याला ॲक्टिव्ह करायचं.

पण विंडोज ११ ला यूईएफआय लागतंच, आणि विंडोज १० घेऊन आलेली बहुतेक मशीनंही यूईएफआयवरच चालतात. तिथे पहिल्या सेक्टरमधला बूट कोड कुणी चालवतच नाही. फिक्सएमबीआर म्हणते ‘ऑपरेशन कम्प्लीटेड सक्सेसफुली’, तुम्ही खूश होऊन रिस्टार्ट करता, आणि पुन्हा तोच ग्रब. फॉरवर्डमध्ये पुढची कमांड असते फिक्सबूट. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत ती पुष्कळदा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून हात वर करते. मग रीबिल्डबीसीडी, आणि तिचं उत्तर येतं: सापडलेली विंडोज इन्स्टॉलेशन्स, शून्य. इथे माणसाचं अवसान गळतं. पण ती कमांड फक्त बीसीडीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या बूट यादीत, नसलेली विंडोज शोधते. तुमची विंडोज त्या यादीत आधीपासून असेल तर उत्तर शून्यच येणार. स्टार्टअप रिपेअरही ‘दुरुस्त करता आलं नाही’ म्हणतं ते बरेचदा याच कारणाने. त्याच्या नजरेने दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच!

म्हणून कमांड मारण्याआधी मशीन कुठल्या पद्धतीचं आहे ते बघायचं. पेन ड्राइव्हवरून बूट केल्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबलं की कमांड प्रॉम्प्ट उघडतो. तिथे डिस्कपार्ट सुरू करून ‘लिस्ट डिस्क’ द्या. अगदी उजवीकडच्या जीपीटी नावाच्या रकान्यात तुमच्या डिस्कपुढे फुली असेल तर मशीन यूईएफआयचं. यादीत डिस्कच दिसत नसेल, तर ती मेली असं लगेच धरू नका. काही लॅपटॉपवर स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर वेगळा लोड करावा लागतो.

यूईएफआयवर खरं काम करते ती बीसीडीबूट, म्हणजे विंडोजच्या बूट फाइल्स नव्याने बसवणारी कमांड. ‘लिस्ट व्हॉल्यूम’मध्ये फॅट३२ लिहिलेलं, साधारण १०० एमबीचं, ‘हिडन’ किंवा ‘सिस्टिम’ अशी नोंद असलेलं व्हॉल्यूम शोधायचं, ते सिलेक्ट करायचं आणि ‘असाइन लेटर’ने त्याला एस हे अक्षर द्यायचं. विंडोजचं पार्टिशन कुठल्या अक्षराने दिसतंय तेही इथेच बघून ठेवा, कारण पेन ड्राइव्हवरून बूट केल्यावर सी चं डी झालेलं असू शकतं. मग डिस्कपार्टमधून बाहेर येऊन ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’, अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि दिसलेल्या ड्राइव्हच्या अक्षराने. बूट फाइल्स नव्याने कॉपी होतात आणि एनव्हीरॅमच्या यादीत विंडोज वर येते. एक अट आहे: पेन ड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच बूट झालेला हवा. बूट मेनूत तो दोनदा दिसत असेल, तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तोच घ्या. दुसरा घेतलात तर फाइल्स कॉपी होतील, पण यादी हलणार नाही.

बायोस रिसेट आणि सेल काढण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ग्रब डिस्कवर बसलेला आहे, सेलमध्ये नाही. यूईएफआयची बूट यादीसुद्धा सहसा फ्लॅश चिपमध्ये असते, सेल काढून ती जाईलच असं नाही. उलट रिसेटने नवी दुखणी येतात. स्टोरेजचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआयवरून रेडवर (RAID) किंवा उलटा गेला, तर विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’चा निळा पडदा दाखवते. सिक्युअर बूटची (फक्त विश्वासू बूटलोडर चालू देणारी) सेटिंग बदलली तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. पुष्कळ लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. तशी की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये ठेवलेली असते, दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून लॉगइन करून बघा. मिळेपर्यंत डिस्कवर काहीही लिहायला जाऊ नका.

‘उरलीसुरली छोटी पार्टिशनं उडवा’ हा या फॉरवर्डमधला खरा वाह्यात भाग. ते १०० एमबीचं, ड्राइव्हचं अक्षर नसलेलं पार्टिशन लिनक्सचं उरलंसुरलं नव्हे, विंडोजही त्यातूनच सुरू होते. डिस्क मॅनेजमेंट ते डिलीट करायचा पर्याय देत नाही, तर फॉरवर्डवाले डिस्कपार्टची ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’ शिकवतात. विंडोजने जे मुद्दाम अडवून ठेवलंय ते जबरदस्तीने करायला सांगणाऱ्याने किमान कारण तरी द्यावं! लिनक्सचं उरलेलं साफच करायचं असेल तर विंडोज सुरू झाल्यावर ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘माउंटव्हॉल एस: /एस’ देऊन ईएफआय पार्टिशन उघडा आणि फक्त त्या डिस्ट्रोचं, म्हणजे लिनक्सच्या त्या आवृत्तीचं फोल्डर काढा. मायक्रोसॉफ्ट आणि बूट या दोन फोल्डरांना हात लावू नका. यादीत नाव तरी उरलंच, तर ‘बीसीडीएडिट /इनम फर्मवेअर’मध्ये त्याची ओळख सापडते, ती देऊन ‘बीसीडीएडिट /डिलीट’ करता येतं. नाव तसंच राहिलं तरी विंडोज वर असताना काही बिघडत नाही.

आणि ज्यांनी ते पार्टिशन उडवूनच टाकलंय, त्यांनाही फॉरमॅटची गरज नाही. लिनक्स गेल्यामुळे डिस्कवर रिकामी जागा पडलेलीच आहे. पेन ड्राइव्हवरच्या डिस्कपार्टमध्ये आपली डिस्क सिलेक्ट करून ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०’, मग फॅट३२ मध्ये क्विक फॉरमॅट, एस अक्षर, आणि वर दिलेली तीच बीसीडीबूट. फॉरमॅट होतं ते फक्त हे नवं, रिकामं पार्टिशन. सी ड्राइव्हवरचे फोटो, कागदपत्रं, सॉफ्टवेअर सगळं जागच्या जागी राहतं. एवढं मात्र दोनदा बघा की कुठलं पार्टिशन सिलेक्ट झालेलं आहे, कारण डिस्कपार्ट ‘नक्की ना?’ असं विचारत नाही.

विंडोज नव्याने टाकायची वेळ येते ती वेगळ्या कारणांनी: डिस्कच मरायला टेकली असेल, किंवा लिनक्सचं समजून विंडोजचंच पार्टिशन उडवलं असेल. पहिल्या बाबतीत आधी लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेन ड्राइव्हवरून) डेटा बाहेर काढायचा. बिटलॉकर असेल तर त्यालाही ती की लागेलच. दुसऱ्या बाबतीत डिस्कवर नवं काहीही न लिहिता टेस्टडिस्कसारख्या साधनाने हरवलेलं पार्टिशन शोधायचं.

हेच फॉरवर्ड उलट्या बाजूनेही चालवलं जातं, म्हणजे विंडोज काढल्यावर लिनक्स सुरू होत नसेल तर लिनक्स परत टाका. तिथेही बहुधा विंडोजच्या पार्टिशनांसोबत ईएफआय पार्टिशन गेलेलं असतं. लाइव्ह यूएसबीवरून नवं ईएफआय पार्टिशन करून, सीएचरूटमध्ये (डिस्कवरच्या लिनक्सच्या आत) शिरून ग्रब इन्स्टॉल केलं की मेनू परत येतो. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली पार्टिशनं जोडायची याच्या यादीत) जुन्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, राहिला असेल तर लिनक्स सुरू होताना त्याची ९० सेकंद वाट बघते आणि इमर्जन्सी मोडमध्ये टाकते. ती ओळ नव्या यूयूआयडीने बदलायची.