‘टू-व्हील ना?’

नऊ दिवस झाले. अजून आंघोळ करताना मध्येच हात थांबतो आणि मी समोरच्या भिंतीला ठणकावून सांगतो, "हो, टू-व्हील! मग?" भिंत काही बोलत नाही. तिथे तळ्याकाठी मीही काही बोललो नव्हतो, दुखणं तेच आहे.

प्रसंग अगदी किरकोळ. होडी मेहुण्याची, गाडी माझी, हौस दोघांची. होडी पाण्यात सोडताना काही त्रास झाला नाही. उतारावर खाली जायला अक्कल लागत नाही, पृथ्वीच मदत करते. संध्याकाळी होडी ट्रेलरवर चढवली, पट्टे आवळले, पहिला गिअर टाकला आणि पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. तळ्याचं पाणी उतरल्यामुळे काँक्रीटच्या रॅम्पवर शेवाळाचा हिरवा पट्टा उघडा पडला होता, जेमतेम चार-पाच फुटांचा. माझी गाडी नेमकी त्यावर उभी. मी ॲक्सिलरेटर दाबला की खालून सूंऽऽ असा आवाज यायचा, जळक्या रबराचा वास यायचा आणि ट्रेलरसकट आम्ही बोटभर मागे, पाण्याकडे सरकायचो.

तेवढ्यात डावीकडून आवाज आला.

"टू-व्हील ना?"

घडीच्या खुर्चीवर एक काका बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्यांवर वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे, बूट शेजारी उपडे ठेवून वाळत घातलेले. ते बूट बघून मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं. पण अडकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या बुटांकडे बघायचं भान नसतं.

मी काचेतून मान बाहेर काढली. "काय म्हणालात?"

"गाडी. टू-व्हील ना?"

"हो."

"वाटलंच."

या ‘वाटलंच’वर मला थोडं बोलायचं आहे. मराठीत शिव्या पुष्कळ आहेत आणि चांगल्या आहेत, पण ‘वाटलंच’ची सर एकीलाही नाही. शिवी दिली की उलटून देता येते. ‘वाटलंच’ला काय देणार? लहानपणी गणिताचा पेपर हातात घेऊन बाबा हाच शब्द उच्चारायचे. पुढे डेंटिस्ट उच्चारतो, प्लंबर उच्चारतो. या माणसांना आधी वाटलेलं असतं, तर ती आधी का सांगत नाहीत? काका मी होडी चढवत होतो तेव्हापासून तिथेच बसले होते. चांगली वीस मिनिटं.

"आणि त्यातही पुढची दोन?" काकांनी तपास पुढे नेला.

"पुढची."

यावर ते माझ्याशी बोलायचे थांबले. मोठे डॉक्टर पेशंटला सोडून नातेवाइकांकडे वळतात, तसे ते माझ्या बायकोकडे वळले. "यांना गाडी घेताना कोणी सांगितलं नाही का?"

"ते कोणाचं ऐकत नाहीत," बायको म्हणाली. एरवी ती मला अरेतुरे करते. परक्यासमोर एकदम ‘ते’ झालो, तेव्हाच ओळखलं की पारडं फिरलं.

"साधी गोष्ट आहे, ताई. गाडीला चाकं चार. त्यातली दोन राबणार आणि दोन नुसती बरोबर फिरायला आलेली. कसं चालेल? घरात चार माणसं असताना एकट्यानंच सगळं उरकायचं म्हटलं, तर काय होतं?"

बायकोनं माझ्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेचा ट्रेलरशी काही संबंध नव्हता.

मग काकांनी आम्हाला फोर-व्हीलचं पुराण ऐकवलं. फोर-व्हील म्हणजे जीपवाल्यांनी युद्धात लावलेला शोध. फोर-व्हील असली की वजन कितीही ओढा, गाडीला कळतसुद्धा नाही. उतारावर फोर-व्हील ट्रेलरला धरून ठेवते. आणि जो माणूस फोर-व्हील नसताना ट्रेलर जोडतो, तो फक्त स्वतःच्याच नाही, इतरांच्याही जिवाशी खेळतो. हे सगळं खुर्चीतून न उठता. मेहुणा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून होडी मागून ढकलत होता. त्याला एक हात द्यावा, असं काकांच्या मनाला शिवलंही नाही.

शेवटी मी विचारलं, "तुमच्याकडे फोर-व्हील आहे का, काका?"

"म्हणजे काय!" असं म्हणून त्यांनी अभिमानानं अंगठा मागे केला.

मागे वेताची झुडपं होती. झुडपांपलीकडे तळ्याच्या ओल्या काठावर एक भली थोरली गाडी चारही चाकांनिशी एक्सलपर्यंत चिखलात बसली होती. दारावर ‘४×४’ असं लिहिलेलं होतं, त्यातला खालचा अर्धा भाग चिखलाखाली गेला होता. सकाळी रॅम्पवर रांग होती. काकांनी विचार केला, आपल्याला कसली रांग, आपल्याला चारी चाकं, आणि ते थेट मऊ काठावर उतरले. तेव्हापासून ट्रॅक्टरची वाट बघत खुर्ची टाकून बसले होते.

"म्हणजे तुम्हीही अडकलात!" मी जवळजवळ आनंदानं ओरडलो.

काकांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "तुम्ही रॅम्पवरच अडकलात. मी बघा कुठपर्यंत गेलो."

यावर काय बोलणार? मी काच वर केली.

ट्रॅक्टर आला अंधार पडता पडता. चालवणारा पोरगेला होता, विशीतला. त्यानं आधी मला काढलं, कारण मी वाटेत होतो. गाडीच्या पुढच्या हुकाला साखळी लावली, ट्रॅक्टर नुसता सरकवला, आणि चार फुटांत माझी चाकं कोरड्या काँक्रीटला लागून आम्ही सुटलो. सगळं मिळून दीड मिनिट. मग काकांना काढायला अर्धा तास. मध्ये मी त्याला विचारलं, "हा ट्रॅक्टर फोर-व्हील असेल ना?"

"नाही हो. मागची दोनच. टायरमध्ये पाणी भरलंय वजनाला."

मी काकांकडे बघितलं. काका बुटाची नाडी बांधत होते. इतका वेळ लावून नाडी बांधणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

जाताना त्या पोरानं माझ्या पुढच्या टायरवर अंगठा फिरवला. "हे बदला आधी. नक्षी कुठं राहिलीय?" अंगठा खरंच घसरला. माझ्या टायरची अवस्था मला माहीत नव्हती असं नाही. पण सबंध संध्याकाळ चाकं दोन की चार यावर घमासान झालं आणि चाकांवर काय चढवलंय हे विचारणारा हा एकटाच.

घरी आल्यावर झोप लागेना. रात्री दीडपर्यंत मी फोर-व्हीलबद्दल वाचत बसलो. ज्ञानाची भूक वगैरे काही नाही, निव्वळ सूड. आणि काय सांगू, एकेक मुद्दा असा हाती लागला की काका समोर असते तर! जीपचा शोध म्हणे. जीप १९४१ची. हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी गाडी १९०३ साली तयार केली होती, आणि तीही शर्यतीची. त्याच्याही आधी, १९०० साली, फर्डिनांड पोर्शनं प्रत्येक चाकात एकेक विजेची मोटर बसवलेली गाडी बनवली होती. हे मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना जाऊन सांग, मला नको."

उतारावर धरून ठेवते म्हणे. अहो, ब्रेक तर टू-व्हीललाही चारही चाकांना असतात! थांबायच्या वेळी फोर-व्हील कामाची नाही, तिथे ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक लागतात. युरोपात साडेसातशे किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेकशिवाय रस्त्यावर येऊच देत नाहीत, मग ओढणाऱ्या गाडीला चाकं कितीही राबोत. आणि कितीही वजन ओढा म्हणे. फोर-व्हीलचे जादा गिअर, जादा शाफ्ट, जादा एक्सल हे सगळं वजन गाडीलाच वागवावं लागतं, म्हणून बऱ्याच मॉडेलांत टू-व्हीलची ओढण्याची मर्यादा तिच्याच फोर-व्हील भावंडापेक्षा थोडी जास्त निघते. चार चाकांचा उपयोग सुटण्यापुरता, चिखल, बर्फ, ओलं गवत असल्या जागी. कोरड्या रस्त्यावर तर जुन्या पद्धतीची फोर-व्हील लावूच नये. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबची वाट धरतात, शाफ्टला पीळ पडतो आणि गाडी उड्या मारल्यासारखी चालते.

आता एक गोष्ट कबूल करायला मला नऊ दिवस लागले, ती इथे लिहून टाकतो. त्या शेवाळाच्या पट्ट्यावर फोर-व्हील असती तर उपयोग झाला असता का? बहुतेक झाला असता. ट्रेलरचा भार गाडीच्या मागच्या हुकावर पडतो. अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार तिथे ठेवायला सांगतात, युरोपात त्याहून कमी. मागचं टोक असं दाबलं गेलं की पुढचं उचललं जातं, त्यात चढ, म्हणजे वजन आणखी मागे. राबणारी माझी दोन चाकं नेमकी अशा वेळी अधांतरी, आणि सगळं ओझं ज्यांच्या डोक्यावर ती मागची दोन आरामात. म्हणजे काकांचं ‘नुसती फिरायला आलेली’ हे तंतोतंत खरं होतं. खरं होतं म्हणूनच इतकं लागलं.

पण वर्षातून चार वेळा लागणारे चार फूट! तेवढ्यासाठी उरलेले सगळे दिवस ते जादा वजन वागवायचं, त्याला पेट्रोल पाजायचं? तरी शोरूममध्ये जाऊन आलोच. सेल्समननं एक बटण दाखवलं. "साहेब, हे दाबलं की विषय संपला." मी विचारलं, ट्रेलर किती किलोचा ओढेल? "काहीही ओढेल, साहेब." मी म्हटलं, आकडा सांगा. त्यानं माहितीपत्रक उलटंसुलटं केलं. पहिल्या पानावर वाळवंटात धूळ उडवत जाणारी गाडी, दुसऱ्यावर नदी ओलांडणारी, तिसऱ्यावर डोंगराच्या टोकावर, तिथे ती का गेली देवजाणे. ओढण्याच्या मर्यादेचा आकडा शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. सीटच्या शिलाईचा रंग मात्र पानभर. ज्या आकड्यावर माणसाचा जीव आणि क्लच अवलंबून, तो शोधायला भिंग लागावं? याचा मला मनापासून राग येतो, इथे मी गंमत करत नाहीये.

आकडा सापडला तेव्हा टू-व्हीलचाच जास्त निघाला. सेल्समननं एक क्षण विचार केला आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून म्हणाला, "मग टू-व्हील घ्या ना, साहेब!"

मी पुढचे दोन टायर घेतले. शिवाय एक लांब, जाड पट्टा. पुन्हा अडकलो तर गाडी ट्रेलरपासून सोडवून कोरड्यावर न्यायची आणि ट्रेलर पट्ट्यानं ओढायचा.

परवा मेहुण्याला घेऊन परत तळ्यावर गेलो. पाणी तेवढंच उतरलेलं, शेवाळ तेवढंच हिरवं. येताना ब्रश आणून पट्टा आधी घासून काढला, तेही सुचलं एकदाचं. संध्याकाळी होडी चढवली, दुसरा गिअर टाकला, क्लच अलगद सोडला, आणि गाडी अशी वर आली की मागे होडी आहे हे विसरावं. मी डावीकडे बघितलं. खुर्ची नव्हती. झुडपांमागे चिखलात चार खोल खड्डे, त्यात पाणी साचलेलं. बाकी चिटपाखरू नाही.

"कोणाला शोधतोयस?" बायकोनं विचारलं.

"कोणाला नाही," मी म्हटलं. मग मेहुण्याकडे वळलो. तो पट्टे आवळत होता. "अजून उजेड आहे. होडी परत एकदा सोडायची का पाण्यात? लगेच काढू वर. एवढ्यात कोणी येईलही."