गावाला जाताना सगळं बंद? अमेरिकेच्या थंडीत हा सल्ला घर बुडवतो

डिसेंबर लागला की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक संदेश फिरायला लागतो. भारतात जाण्याआधी घराचं काय करायचं, याचे सहा सल्ले. यंदा न्यू जर्सीतल्या चार ओळखीच्यांनी मला तो पाठवला. हीटिंग बंद करून जा, बिल वाचेल. नळ घट्ट बंद करा, बारीक धार सोडणं ही नुसती नासाडी. गरम पाण्याचे पाईप गोठत नाहीत. नवीन घरात प्लास्टिकचे पेक्स पाईप असतील तर चिंताच नको. पाईप गोठलाच तर ज्योतीने तापवा. आणि काही झालंच, तर विमा आहे. या सहांपैकी एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही, आणि पहिला तर घातक आहे.

तो पटकन पटतो, याचं कारण आपल्या अंगवळणी पडलेल्या सवयीत आहे. लहानपणी गावाला निघताना आई सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायची, बाबा मेन स्विच खाली ओढायचे, नळ पिळून बघायचे, मग कुलूप. पुण्यात, नाशकात ते बरोबरच आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले तर पेपरात फोटो येतो, इतकी ती गोष्ट दुर्मीळ. भिंतीतला पाईप गोठून फुटतो, हे आपल्यापैकी कुणी मोठं होताना पाहिलेलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतलं एक कुटुंब तीन आठवडे कोल्हापूरला गेलं. हीटिंग पूर्ण बंद. परत आले तेव्हा स्वयंपाकघराचं छत ओट्यावर पडलेलं होतं, लाकडी जमीन फुगून वर आली होती आणि बेसमेंटमध्ये गुडघाभर पाणी होतं. लग्नातली पैठणी खाली एका खोक्यात होती. वहिनी ती हातात घेऊन जिन्यावर बसल्या होत्या, ते मी विसरू शकत नाही. पाईप फुटला होता वरच्या न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीत. बोटभर लांबीची चीर. एक अष्टमांश इंचाच्या भेगेतून दिवसाला 250 गॅलनपर्यंत पाणी जाऊ शकतं, म्हणजे साधारण 950 लिटर. वीस दिवस धरले तर आपल्याकडचे जवळजवळ दोन टँकर घरात रिकामे झाले.

म्हणून हीटिंग बंद करायचं नाही. थर्मोस्टॅट (हीटिंगचं तापमान ठरवणारं बटण) निदान 55 फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे 13 सेल्सिअसवर, ठेवून जायचं. पाणी 32 फॅरनहाइटला गोठतं, मग 40 का नको? थर्मोस्टॅट दिवाणखान्याच्या मधोमध असतो आणि पाईप बाहेरच्या भिंतीत, पोटमाळ्यावर, गॅरेजच्या छतात असतात. तिथलं तापमान खोलीपेक्षा कितीतरी खाली असतं. इलिनॉय विद्यापीठात याचा अभ्यास झाला, त्यात आवरण नसलेल्या, पोटमाळ्यावरच्या पाईपांसाठी बाहेरची 20 फॅरनहाइट, म्हणजे उणे 7 सेल्सिअस, ही धोक्याची पातळी निघाली. फटीतून वारा पाईपवर येत असेल तर त्याहून कमी थंडीतही पाईप गोठतो.

फक्त हीटिंगवर विसंबूनही चालत नाही. घर तापवणाऱ्या गॅसवरच्या फर्नेसचा (भट्टीचा) पंखा विजेवर चालतो. वीज गेली की गॅस असूनही घर थंड पडतं. टेक्सासमध्ये फेब्रुवारी 2021 मध्ये तेच झालं. 16 तारखेला डॅलस-फोर्ट वर्थला तापमान उणे 2 फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे उणे 19 सेल्सिअसवर, उतरलं, लाखो घरांची वीज गेली, आणि पोटमाळ्यांवरून गेलेले पाईप फुटत सुटले. तेव्हा लांब जाणार असाल तर घरात येणाऱ्या पाण्याचा मेन व्हॉल्व्हही बंद करा. नुसता व्हॉल्व्ह फिरवून मात्र काम होत नाही, पाईपात उरलेलं पाणी गोठतंच. वॉटर हीटर बंद करा, मग घरातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा नळ उघडून पाईप रिकामे होऊ द्या, फ्लश ओढून टाक्या रिकाम्या करा. आग विझवण्याचे स्प्रिंकलर त्याच लाइनवर असतील किंवा घर बॉयलरच्या गरम पाण्याने तापत असेल, तर आधी प्लंबरला विचारा.

आता बारीक धारेचं. पाण्याची नासाडी नको, ही भावना मला मनापासून कळते. दुष्काळी भागातून आलेल्या माणसाला वाहता नळ बघवत नाही. पण पाईप नेमका कशाने फुटतो ते पाहा. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, म्हणून बर्फ आतून पाईप फाडतो अशी आपली समजूत असते. फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली सगळ्यांनी पाहिलेली असते. पाईपात बहुतेक वेळा तसं होत नाही. बर्फाचं बूच एका जागी धरतं आणि लांबीच्या दिशेने वाढत जातं. त्या बुचाच्या आणि बंद नळाच्या मध्ये पाणी कोंडतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे दाब चढत जातो आणि पाईप जिथे कमजोर असेल तिथे फाटतो, कित्येकदा बर्फापासून दूर, उबदार जागी. नळ थोडा उघडा असेल तर त्या कोंडलेल्या पाण्याला वाट मिळते. बूच धरलं तरी पाईप वाचतो. म्हणून कडाक्याच्या रात्री, तुम्ही घरात असताना, बाहेरच्या भिंतीलगतच्या घरातल्या नळाची गरम आणि थंड अशी दोन्ही बाजूंची बारीक धार सोडायची, खाली बादली ठेवायची, सकाळी ते पाणी वापरायचं. सिंकखालच्या कपाटाची दारंही उघडी ठेवा, म्हणजे खोलीची ऊब पाईपपर्यंत पोचते.

एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. पाईप थंडीत फाटला तरी पाणी तेव्हा येत नाही, कारण बर्फानेच वाट अडवलेली असते. थंडी ओसरली, बर्फ वितळला, की पूर येतो. नळाला पाणी येत नाही असं दिसलं तर आधी मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते आठवा. आजच जाऊन बघून ठेवा. बेसमेंट असेल तर बहुधा तिथेच, रस्त्याकडच्या भिंतीजवळ सापडेल.

गरम पाण्याचे पाईप गोठत नाहीत, हे साफ चूक. रात्री कुणी नळ उघडत नाही, आणि पाईपात उभं राहिलेलं पाणी काही तासांत भिंतीइतकंच थंड होतं. टांझानियातल्या एरास्टो एम्पेम्बाने शाळकरी वयात, 1963 मध्ये, आइस्क्रीमचं गरम मिश्रण गार मिश्रणाआधी गोठलेलं पाहिलं होतं. ते कितपत खरं यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. आपल्याला तो वाद मिटायची वाट बघायची गरज नाही.

पेक्स तांब्यापेक्षा जास्त ताण सोसतो, हे मान्य. तो थोडा फुगून परत जागेवर येतो. पण त्याचे सांधे, नळ आणि व्हॉल्व्ह तसे ताणत नाहीत, ते तडकतात.

ज्योतीचा सल्ला देणाऱ्याला हात जोडून सांगते, तो पुसून टाका. इथली घरं लाकडाच्या सांगाड्याची असतात. भिंतीआड लाकूड कधी धुमसायला लागलं हे कळणारही नाही, आणि एका जागी जोराने तापवलं तर आत वाफ कोंडून पाईप फुटू शकतो. नळ उघडा, हेअर ड्रायर घ्या, नळाच्या बाजूने सुरुवात करून हळूहळू बुचाकडे सरका. तासभर लागला तरी लागू दे. बूच सापडत नसेल तर प्लंबर बोलवा.

राहिला विमा. बहुतेक घरविम्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं की घर रिकामं असताना तुम्ही उष्णता राखण्याची योग्य काळजी घेतलेली हवी, नाहीतर पाणी बंद करून पाईप रिकामे केलेले हवेत. दोन्ही केलं नसेल तर गोठून झालेल्या नुकसानीचे पैसे नाकारले जाऊ शकतात. आमच्या गल्लीतल्या त्या कुटुंबाला हेच उत्तर मिळालं. आता ते निघण्याआधी आमच्याकडे किल्ली ठेवतात. मी दर दोन दिवसांनी जाते, थर्मोस्टॅटवरचा आकडा बघते, बेसमेंटमध्ये उतरून जमिनीला हात लावते, आणि वहिनींना फोटो पाठवते.