जपानी जहाजांची मॅन्युअलं आणि ‘आकडे जसेच्या तसे उतरवा’ हा घातक सल्ला

माझा भाचा जपानमध्ये बांधलेल्या एका बल्क कॅरिअरवर (धान्य-कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी आहे. परवा त्याने एक फॉरवर्ड पाठवला. खाली विचारलं होतं, "मावशी, हे सेव्ह करून ठेवू का?" मी पुण्यात जपानी तांत्रिक कागदपत्रांच्या भाषांतरावर पोट भरते. वाचून डोकंच फिरलं. जहाजावरच्या पोरांच्या ग्रुपांवर हे सगळीकडे फिरतंय असं तो म्हणाला, म्हणून उत्तरही सगळ्यांसमोर देते.

दावा असा: जपानने 1959 मध्येच मेट्रिक पद्धत सक्तीची केली, तेव्हा मॅन्युअलवर मोबाइलचा कॅमेरा धरा आणि भाषांतरात येतील ते आकडे वापरा. सोबत तक्ता: सेत्सु म्हणजे नॉट (ताशी एक सागरी मैल), टन म्हणजे 1000 किलो, केजी पर सेंटीमीटर स्क्वेअर म्हणजे बार (दोन्ही दाबाची एककं), पीएस म्हणजे एचपी (दोन्ही अश्वशक्तीची). शेवटी, ‘हिरो वगैरे जुनी मापं आता म्युझियममध्ये.’ हिरो म्हणजे लांबीचं जपानी माप.

सगळ्यात घातक आहे ती सेत्सुची ओळ. वेगाबद्दल लिहिलं असेल तिथे सेत्सु म्हणजे नॉट, हे कबूल. पण नांगराच्या कागदात तीच खूण साखळीचा एक तुकडा दाखवते, आपण ज्याला शॅकल म्हणतो तो. ‘सहा सेत्सु सोडा’ याचं ‘सहा नॉटने सोडा’ करून ठेवलं, तर सहा नॉटच्या वेगात नांगर टाकायची सूचना झाली! असं केलं तर साखळी ब्रेकला न जुमानता सुटते आणि पुढे उभ्या असलेल्या माणसांचा जीव जाऊ शकतो.

बरं, शॅकल म्हणून नीट ओळखलं तरी काम संपत नाही. जपानी रिवाजात एक शॅकल 25 मीटरची, ब्रिटिश वळणाची 15 फॅदमची (फॅदम म्हणजे सहा फूट), म्हणजे सुमारे 27.5 मीटरची. जपानी सीमनशिपमध्ये, म्हणजे जहाज हाताळायच्या शिक्षणात, साखळी किती सोडायची याचा एक ठोकताळा शिकवतात: एरवी खोलीच्या तिप्पट अधिक 90 मीटर, वादळी हवेत चौपट अधिक 145. समजा पाणी 25 मीटर खोल आहे आणि वारा सुटलाय. 245 मीटर साखळी हवी. 27.5 ने भागलं की नऊ शॅकल पुरेशा वाटतात. साखळी 25 ची असेल तर त्या नऊ शॅकल भरतात 225 मीटर. ऐन वादळात 20 मीटर कमी! नांगर घसरायला लागला की मग कोणता तक्ता कामाला येणार आहे? साखळीचं सर्टिफिकेट जहाजावरच असतं. ते उघडून लांबी बघायची, आणि भाषांतरात ‘शॅकल’ लिहून मीटरचा आकडा खात्री झाल्यावरच टाकायचा.

आता टन. 1959 चा दाखला देणाऱ्यांनी जपानचा मापन कायदा उघडून बघायला हवा होता. हा कायदा 1992 मध्ये नव्याने लिहिला गेला आणि दाबाचं जुनं किलोग्रॅम-बळाचं एकक व्यवहारातून हटायला 30 सप्टेंबर 1999 उजाडला. म्हणजे त्याआधीच्या मॅन्युअलांत ते सर्रास सापडणारच. आणि याच कायद्याने काही एककं ठरावीक कामापुरती मुद्दाम राखली आहेत: समुद्रावरच्या अंतरासाठी सागरी मैल, आणि जहाजाचं घनफळ मोजायला टन. घनफळ! वजनाचा इथे संबंधच नाही. जपानच्या किनारी वाहतुकीत ‘499 टनी’ मालवाहू जहाज दीड हजार टनांहून जास्त माल नेतं, कारण ते 499 टन वजनाचे नव्हेतच. त्यातही 4000 टनांखालच्या जहाजांना जपानी देशांतर्गत सूत्राने आंतरराष्ट्रीय सूत्रापेक्षा कमी टनेज (हाच घनफळाचा आकडा) येतं, म्हणजे एकाच जहाजाचे दोन आकडे आणि दोन्ही खरे. शीतगृहाच्या मशिनरीचा टन आणखी निराळा, तो थंड करायची ताकद मोजतो. जपानी टन ताशी 3320 किलोकॅलरीचा, अमेरिकन 3024 चा. 50 टनांचा प्लांट एका हिशोबाने 193 किलोवॅट, दुसऱ्याने 176. मासळीच्या होल्डसाठी कॉम्प्रेसर मागवताना हा फरक खिशाला आणि मालाला दोन्हीला लागतो.

दाबाबद्दल मात्र फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे, मान्य करावं लागेल. केजी पर सेंटीमीटर स्क्वेअर म्हणजे 0.98 बार, गेजवर हा फरक कळतही नाही. पण आकड्यामागचं ‘जी’ अक्षर कॅमेऱ्याने गाळलं तर गेज प्रेशर (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वरचा) की अ‍ॅब्सोल्यूट (शून्यापासून मोजलेला) हे कळायचा मार्ग जातो, आणि मधला फरक एका वातावरणाचा असतो. फ्लँजवरच्या (पाइप बोल्टने जोडायच्या कडीवरच्या) ‘10के’चं सरळ ‘10 बार’ करणंही तसंच. तो जपानी मानकाचा वर्ग आहे: 120 अंशांपर्यंत 1.4 मेगापास्कल, 300 अंशांना 1.0. तो युरोपियन पीएन 10 या वर्गाच्या फ्लँजला बसत नाही. 80 मिलिमीटरच्या पाइपला दोन्हीकडे बोल्ट आठच, पण जपानी फ्लँजचं बोल्टचं वर्तुळ 150 मिलिमीटर आणि युरोपियन 160.

पीएस आणि एचपीत दीड टक्क्याच्या आत फरक आहे. 10,000 पीएसच्या इंजिनाला तो 100 किलोवॅटच्या वर जातो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

राहिलं ‘म्युझियम’. इंजिनाच्या मॅन्युअलात हिरो सापडणार नाही, हे खरं. मासेमारीच्या जाळी-दोरांच्या कागदांत मात्र तो अजून भेटतो. सरकारी हिरो सहा शाकुंचा (शाकु म्हणजे जवळपास एक फूट), 1.818 मीटर; कोळ्यांच्या वापरातला बऱ्याचदा पाच शाकुंचा, दीड मीटरच्या आसपास. 100 हिरो दोर म्हणजे 182 मीटर की 152, हे कागदावरून ठरत नाही. ज्या बंदरातून कागद आला तिथेच विचारावं लागतं, आणि उत्तर येईपर्यंत भाषांतरात ‘हिरो’ तसाच ठेवावा लागतो.