तारेचं जानवं

गेल्या महिन्यात मी पाचशे डॉलर मोजून एक बंदूक घेतली आणि घेण्याआधी तिच्या नळीत मला डोकावू दिलं नाही. हे गाऱ्हाणं मी घरी, ऑफिसात आणि मंडळाच्या कोजागिरीला आटीव दूध पिता पिता सगळ्यांना ऐकवलंय. सहानुभूती शून्य. बायको म्हणाली, "बरं झालं. डोळा वाचला."

ओहायोत आमच्या गावाबाहेर, हायवेला लागून, खेळाच्या सामानाचं एक अवाढव्य दुकान आहे. तंबू, ट्रेडमिल, मोजे आणि मासे पकडायच्या गळांच्या पलीकडे बंदुकांचा काउंटर. तिथे लष्करातून निकालात निघालेल्या रायफली लावून ठेवलेल्या. बहुतेक रशियन मोसिन-नागां, आणि त्यांच्यात एक नकटी, काळपट थ्री नॉट थ्री. बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांडीच्या, खाली, दस्त्याच्या मानेशी असलेल्या लोखंडी पट्टीवर मुकुट, खाली जी.आर.आय. (म्हणजे राजा-सम्राट जॉर्ज), त्याखाली इशापूर, 1943. म्हणजे आपल्या बंगालमधल्या इच्छापूरचा बंदुकांचा कारखाना. लांब नाकाच्या रशियन बायकांत अचानक माहेरचं माणूस दिसावं तसं मला झालं.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आलेले. इटलीचं त्यांनी आयुष्यभर एकच वर्णन केलं: चिखल. पण थ्री नॉट थ्रीबद्दल तासन् तास बोलायचे. त्या काळच्या काडतुसांमुळे नळीत क्षार राहायचे आणि गंज धरायचा, म्हणून गोळीबार झाला की नळीतून उकळतं पाणी ओतायचं. "पाणी तापलं की आधी नळी, मग चहा," असं आजोबा सांगायचे. ज्या शिपायाने आधी चहा घेतला त्याची बंदूक कधी ना कधी बाजारात येते आणि ती कुणाच्या तरी गळ्यात पडते. म्हणून जुनी रायफल घेताना नंबर जुळतात का ते बघायचं, बोल्टच्या दांड्यावरचा आणि मुख्य सांगाड्यावरचा, आणि मग बोल्ट काढून नळीत बघायचं. याला दोन मिनिटं लागतात.

नंबर जुळत होते. बोल्टला मात्र नायलॉनचा टाय घट्ट आवळलेला.

काउंटरवरचा पोरगा विशीतला असेल. म्हणाला, "टाय कापता येत नाही, सर. पॉलिसी आहे."

"मग नळी कशी बघायची?"

"घेतल्यावर बघा ना."

"आणि खराब निघाली तर?"

"बंदूक परत घेत नाही, सर. तीही पॉलिसी आहे."

एवढ्यात शेजारून आवाज आला, "इशापोर!"

पांढरी दाढी, भडक नारिंगी टोपी, आणि हातात जिवंत गांडुळांचा प्लॅस्टिकचा डबा. हे काका बोलता बोलता त्या डब्यानेच हातवारे करायचे, त्यामुळे मला त्यांच्या तोंडाकडे बघावं की झाकणाकडे, हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

"कुठला तू?"

"भारतातला."

"मग तुला सांगतो," ते म्हणाले, आणि माझ्या देशाची माहिती मला पुढची वीस मिनिटं मिळाली. भारतात पोलाद मऊ असतं, कारण हवा दमट. भारतीय सैनिक बुटके, म्हणून ही बंदूक आखूड केली. (सगळ्या ब्रिटिश साम्राज्यात हीच लांबी होती. आमचे आजोबा सहा फूट होते. पण गांडुळांच्या डब्यापुढे बोलणार कोण?) मध्येच मोसिन-नागांचा विषय निघाला. त्या एकेकाळी शंभर डॉलरच्या आत मिळत, पेटीत वीस-वीस, कॉस्मोलिन नावाच्या ग्रीसमध्ये लडबडलेल्या, आणि काकांनी तेव्हा एकच घेतली. एकच! डोळ्यांत पाणी. हा सूर मला पाठ आहे. कोथरूडला प्लॉट कवडीमोलाने मिळत होता तेव्हा न घेतलेले निदान चार काका माझ्या नात्यात आहेत.

मग काकांनी बंदुकीच्या पुढच्या लाकडावर बोट ठेवलं. तिथे नळीभोवती तांब्याची बारीक तार ओळीने घट्ट गुंडाळलेली होती, मधेमधे डाग देऊन पक्की केलेली.

"ही तार बघ," ते पोराला म्हणाले. "हे धार्मिक आहे. त्यांचे पुजारी गुंडाळतात. मंत्र म्हणून. हिंदू लोक छातीवर दोरा घालतात ना, तसलंच." आणि माझ्याकडे वळून, "हो की नाही?"

आता ही तार कशासाठी असते हे मला माहीत होतं. अशा रायफलीच्या तोंडाला लोखंडी पेला बसवून, बिनगोळीच्या काडतुसाच्या जोरावर त्यातून हातबॉम्ब उडवत. त्याचा धक्का इतका जबर की लाकूड फुटायचं, म्हणून तारेने आवळत. मी हे सगळं नीट, शांतपणे सांगितलं. काका मान हलवत ऐकत होते. मी थांबल्यावर पोराला म्हणाले, "बघितलंस? हे लोक बाहेरच्यांना खरं सांगत नाहीत."

पोराने त्या बंदुकीला आणखी थोडं जपून धरलं.

"तुमच्याकडे हिचं देऊळ वगैरे असेल," काका म्हणाले.

देऊळ! उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी 2020 च्या प्रजासत्ताकदिनी हिला निरोप दिला, तोपर्यंत ती कामावर होती. आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटीवर रेल्वे पोलिसांपैकी काहींच्या हातात हीच होती, काहींच्या हातात नुसत्या काठ्या, आणि समोर एके-47. हे मी बोललो नाही. मोज्यांच्या सेलच्या पाटीखाली उभं राहून सांगायची ती गोष्ट नव्हे.

यानंतर जे झालं ते मी अजून गिळलेलं नाही. काकांनी पोराला नुसती खूण केली. पोराने खिशातून कात्री काढली, टाय कापला आणि बंदूक काकांच्या हातात दिली.

"पॉलिसी?" मी विचारलं.

"हे नेहमीचे आहेत, सर."

काकांनी गांडुळं काउंटरवर ठेवली. बोल्ट मागे ओढला, पुढचं टोक वर उचलून बाहेर काढला, तेही सराईतपणे, हे मान्य केलंच पाहिजे. मागच्या भोकापाशी अंगठ्याचं नख धरलं, उजेड नखावर पडेल असं वळले, आणि नळीच्या तोंडाला डोळा लावला. खूप वेळ बघितलं.

मग म्हणाले, "हं."

"हं म्हणजे?"

"हं." बोल्ट परत घातला, बंदूक पोराकडे दिली. "हा घेत नसेल तर मी घेतो."

मी म्हटलं, मलाही बघू दे. पोरगा म्हणाला, "आता नवा टाय लावला, सर."

घेतली. काय करणार? समोर दुसरं गिऱ्हाईक उभं असताना मराठी माणूससुद्धा खिशात हात घालतो.

पुढे फॉर्म 4473, बंदूक घेणाऱ्याने भरायचा सरकारी कागद. तुम्ही फरारी आहात का? अमेरिकेचं नागरिकत्व सोडलंय का? मी ते मिळवायला किती वर्षं रांगेत काढली याला रकाना नाही. एफबीआयच्या तपासणीतून 'पुढे जा', 'थांबा' किंवा 'नाही' यांतलं एक उत्तर येतं. माझ्या मागच्याचं 'पुढे जा' आलं, त्याची मोसिन गाडीत गेलीसुद्धा. माझं 'थांबा'. तीन कामकाजाच्या दिवसांत सरकारने काहीच कळवलं नाही तर दुकानदाराला माल देता येतो. सरकारने काहीच कळवलं नाही. म्हणजे मी सज्जन आहे असं कुणी म्हटलेलं नाही, फक्त दुर्जन आहे असं सापडलं नाही. गोऱ्या शेजाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "थांबा? मला तर कधी आलं नाही बुवा."

घरी आणून टाय कापला. नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या, डाव्या वळणाच्या पाच खाचा दिसायला हव्यात. टॉर्च लावून मला दीड दिसल्या. बाकी काळोख आणि खवले. त्या शिपायाने दर वेळी आधी चहाच घेतला असणार. आणि नारिंगी टोपीतल्या त्या माणसाने हे सगळं स्वतःच्या डोळ्याने बघून "हं" म्हटलं होतं!

दुकानात फोन केला. तोच पोरगा. "सर, ती आशीर्वाद दिलेली ना? आठवली." परत घेता येणार नाही म्हणाला, पण गिऱ्हाईक नाराज राहू नये म्हणून वीस टक्क्यांचं कूपन पाठवतो. आलं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय: बंदुका, काडतुसं व जिवंत आमिष वगळून.