ऑक्टेव्ह-अप खोटा वाजतो, पण दोष डिजिटलचा नाही

मराठवाड्यात ऑर्केस्ट्रात आणि भजनी मंडळांत गिटार वाजवणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे. तो ऑक्टेव्ह-अपबद्दल आहे, म्हणजे वाजवलेल्या सुराला एक सप्तक वरचा सूर जोडणाऱ्या इफेक्टबद्दल. त्यात चार दावे आहेत. डिजिटल प्रोसेसरमधला (गिटारचा आवाज बदलणाऱ्या यंत्रातला) ऑक्टेव्ह-अप खोटा असतो आणि ॲनालॉग, म्हणजे साध्या सर्किटच्या पेडलचाच खरा. प्रोसेसरवर कॉर्ड (एकदम अनेक सूर) वाजवली की सूर फाटतात. आवाज कार्टूनसारखा चिरका येतो आणि त्यावर इलाज नाही. शिवाय सूर उशिरा येतो, त्यामुळे ठेका सुटतो. शेवटी सल्ला दिला आहे की प्रोसेसर विकून टाका. लग्नसराईची कमाई साठवून प्रोसेसर घेतलेली परभणी-बीडकडची पोरं हे वाचून खरंच गिऱ्हाईक शोधू लागतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिला दावा तर इतिहासालाच धरून नाही. ॲनालॉग ऑक्टेव्ह-अप म्हटलं की ऑक्टाव्हिया या पेडलचं नाव येतं. ती रॉजर मेयर यांनी बनवली आणि १९६७ मध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं गाजवली. तिच्यात लहरीचा खालचा अर्धा भाग उलटून वर आणला जातो. त्यामुळे कंपनसंख्या दुप्पट होते, पण लहरीचा आकारही मोडतो, म्हणून तो आवाज कायम फझ, म्हणजे फाटका खरखरीतपणा, घेऊनच येतो. फझ हवा असेल तर तो सुंदर आहे. स्वच्छ, मँडोलिनच्या जवळ जाणारा वरचा सूर मात्र त्या मार्गानं मिळत नाही. आज लोक ज्या स्वच्छ ऑक्टेव्ह-अपची तारीफ करतात, तो इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचा २००५ चा पीओजी पेडल मुळात डिजिटलच आहे.

कॉर्डच्या दाव्यात अर्धं तथ्य आहे. एकेक सूर ओळखून त्याला वर नेणारी जुनी पद्धत कॉर्डवर गडबडते, सूर थरथरतात. सगळे सूर एकत्रच वर नेणाऱ्या पॉलिफोनिक पद्धतीत ही अडचण बरीच कमी होते. तुमच्या प्रोसेसरमध्ये ‘पॉली’ प्रकारचा पर्याय आहे का, ते आधी बघा. नसेल तर ऑक्टेव्ह-अप एकेरी सुरांच्या पीसपुरता ठेवा. आपल्याकडे त्याची गरज बहुतेक वेळा तिथेच लागते.

आता चिरकेपणा. हा दावा सगळ्यात जास्त पटतो, कारण चिरका आवाज प्रत्येकानं ऐकलेला असतो. पण तो का येतो, हे त्या मजकुरात कुठेच नाही. प्रोसेसर फक्त सूर वर नेत नाही. पिकचा टणका, बोटांची खरखर, लाकडाचा घुमारा, सगळंच दुप्पट कंपनसंख्येवर जातं. खऱ्या वाद्यात असं होत नाही. कपलरच्या पेटीत एक पट्टी दाबली की सप्तकाच्या अंतरावरची दुसरी पट्टीही खाली जाते, पण तो दुसरा सूर स्वतःच्या वेगळ्या रीडमधून निघतो. बारा तारांच्या गिटारमध्येही खालच्या चार जोड्यांनाच वरच्या सप्तकाची बारीक तार असते, वरच्या दोन जोड्या एकाच सुरात असतात. म्हणजे वरचा सूर हा मूळ सुराची नक्कल नसतो. तो हलका, वेगळ्या पोताचा सोबती असतो, आणि प्रोसेसरवर नेमकं हेच साधायचं आहे.

त्यासाठी ऑक्टेव्हची पातळी मूळ सुराच्या बरीच खाली ठेवा. मी एक तृतीयांशाच्या आसपास सुरू करतो आणि कानाला तो ‘वेगळा’ ऐकू येईनासा होईपर्यंत कमी करतो. नेक (गिटारच्या मानेजवळचा) पिकअप निवडा आणि गिटारचा टोन निम्म्यावर आणा, म्हणजे पिकचा टणका आत शिरतानाच मऊ होतो. पिच शिफ्टच्या, म्हणजे सूर वर नेणाऱ्या इफेक्टच्या, आधी आवाजातले चढउतार कमी करणारा हलका कॉम्प्रेसर लावा. मूळ सूर आणि ऑक्टेव्ह वेगळ्या वाटांनी नेणाऱ्या समांतर मार्गाची सोय असेल तर फक्त ऑक्टेव्हच्या बाजूला ३-४ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. मँडोलिनचा भास हवा असेल तर ऑक्टेव्ह ५ सेंटनं (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) सरकवा. मँडोलिनच्या जोडतारा कधीच तंतोतंत जुळलेल्या नसतात, त्या किंचित फरकातूनच तो झणकार येतो. ही सरकवासरकव स्वच्छ आवाजातच करा, डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाडलेल्या आवाजात) ती लाटांसारखी हेलकावते.

पिच शिफ्ट डिस्टॉर्शनच्या आधी ठेवा. नेमक्या दुप्पट अंतरावरचे दोन सूर एकत्र डिस्टॉर्शनमध्ये गेले की तयार होणारे नवे सूर मूळ सुराच्याच स्वरमालेत बसतात आणि सगळं एकजीव होतं. उलट क्रमात डिस्टॉर्शननं उभी केलेली सगळी किरकिरच दुप्पट वर जाते.

आपल्या स्टेजवर याहून मोठं कारण आणखी एक आहे. लातूर असो की नांदेड, लग्नाच्या किंवा गणपतीच्या कार्यक्रमात गिटारला ॲम्प्लिफायर क्वचितच मिळतो. लाइन थेट मिक्सरला आणि तिथून टॉपला, म्हणजे कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरला, जाते. गिटारच्या १२ इंची स्पीकरमधून ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेरच पडत नाही, टॉपच्या हॉर्नमधून मात्र ते सगळं पडतं. ज्यानं कॅबिनेट सिम्युलेशन (प्रोसेसरमधली गिटार स्पीकरची नक्कल) बंद ठेवलं आहे, त्याचा ऑक्टेव्ह-अप कितीही महाग पेडलमधून आला तरी कान कापणारच. कॅबिनेट चालू करा आणि इफेक्टच्या साखळीत ते ऑक्टेव्हच्या नंतरच येतं ना, ते तपासा.

राहिला उशीर. उशीर असतो, हे मान्य. सहाव्या मोकळ्या तारेचा सूर सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा, म्हणजे एक कंपन पुरं व्हायलाच १२ मिलिसेकंद लागतात. सूर ओळखणाऱ्या यंत्राला तेवढं तरी थांबावंच लागतं. पहिल्या मोकळ्या तारेवर, ३३० कंपनांवर, हाच काळ ३ मिलिसेकंदांवर येतो. म्हणून ऑक्टेव्हचे पीस वरच्या तारांवर बसवा. आणि १५ फुटांवरच्या मॉनिटरचा आवाज हवेतून यायलाही सुमारे १३ मिलिसेकंद लागतातच, तेवढ्यानं कुणाचा ठेका सुटत नाही. मूळ सूर मिक्समध्ये ठळक असला की हाताला तोच आधी ऐकू येतो, ऑक्टेव्ह मागून मिसळतो. पॅच (प्रोसेसरमध्ये साठवलेली सेटिंग) शंभर टक्के ऑक्टेव्हवर ठेवला तरच तो उशीर खरा जाणवतो. घरी ब्लूटूथ स्पीकरवर ऐकून मात्र निवाडा करू नका. तो स्पीकर स्वतःच प्रोसेसरपेक्षा कितीतरी जास्त उशीर घालतो. प्रोसेसरच्या हेडफोनच्या छिद्रात वायरचा हेडफोन लावून पॅच ऐका, आणि विकायचं की नाही ते त्यानंतर ठरवा.